हे 'लागीर' नव्हे, औषधाचा परिणाम आहे

मानसिक आजाराच्या गोळ्या, श्वासाचा त्रास आणि आपली जबाबदारी

घरात कुणाला साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर ते शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असते. 'मला शुगर आहे' असे आपण चारचौघांत सहज सांगतो. पण घरातल्या मुलाला किंवा सुनेला मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ती डब्यामागे, कपड्यांच्या घडीखाली लपवली जाते. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. त्यामुळे त्या गोळीचा काही त्रास झाला, तर तो गोळीमुळे झाला आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मग काही घरे रुग्णाला देवरुष्याकडे नेतात, आणि काही घरे गोळ्या उकिरड्यावर टाकून देतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

या औषधांचे त्रास कोणते, त्यातले जिवावर बेतणारे कोणते, श्वास लागला तर काय करायचे आणि डॉक्टरांना काय विचारायचे, एवढे प्रत्येक घरात एका तरी माणसाला माहीत असले पाहिजे. त्यासाठी हा लेख.

ही औषधे कोणती?

कानात आवाज येणे, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवते असे वाटणे, संशय घेणे, एकटेच बडबडणे, रात्र रात्र झोप न येणे अशी लक्षणे असलेला आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. कधी अतिउत्साह आणि कधी खोल निराशा असाही एक आजार आहे. या आजारांवर जी औषधे देतात त्यांना डॉक्टर 'अँटिसायकोटिक' म्हणतात. हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, ट्रायफ्लुओपेराझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अरिपिप्राझोल, क्लोझापिन ही त्यातली नेहमी वापरली जाणारी नावे. रोज गोळी घेणे जमत नसेल तर फ्लुफेनाझिनसारखे इंजेक्शन काही आठवड्यांतून एकदा देतात.

यातले पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 साली पॅरिसमध्ये मानसिक रुग्णांवर वापरले गेले. त्याआधी अशा रुग्णांच्या वाट्याला साखळी, कोठडी नाहीतर मारझोड येत असे. या औषधांमुळे असंख्य माणसे घरी राहू लागली, कामावर जाऊ लागली, संसार करू लागली. म्हणून औषध वाईट आहे असे कुणी समजू नये. मात्र ज्या औषधात ताकद असते त्याचे त्रासही असतात. ते कळले तर औषध नीट वापरता येते.

मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते. भास आणि संशय यांच्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून ही औषधे त्याचे काम कमी करतात. पण स्नायूंची हालचाल नीट ठेवण्याचे कामही हेच रसायन करते. ते एकदम अडवले गेले की स्नायू आखडतात. श्वासाचा सर्वांत घाबरवणारा त्रास इथूनच सुरू होतो.

मान वाकडी, डोळे वर, घसा आवळलेला

एक उदाहरण धरू. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला काल किंवा परवा पहिल्यांदा हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले, किंवा गोळी वाढवली. संध्याकाळी अचानक त्याची मान एका बाजूला वळते आणि तशीच राहते. डोळे वर चढतात आणि खाली येत नाहीत. जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलणे जड होते. पाठ धनुष्यासारखी वाकते. मुलगा शुद्धीवर असतो, त्याला सगळे कळत असते, पण शरीर ऐकत नाही. तो भीतीने घामाघूम होतो.

वस्तीत अशा वेळी कोणते शब्द कानावर पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. 'लागीर झालं.' 'बाहेरचं लागलं.' 'कुणीतरी करणी केली.' पाहणाऱ्याला ते तसे वाटते, यात नवल नाही. पण वैद्यकात याला नाव आहे, 'अक्यूट डिस्टोनिया', म्हणजे औषधामुळे अचानक आखडलेले स्नायू. बहुतेक वेळा हे औषध सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत होते. तरुण मुलांना आणि पुरुषांना याचा धोका जास्त असतो.

मान आणि डोळे आखडले तर त्रास भयंकर होतो, पण जीव सहसा जात नाही. हेच आखडणे घशातल्या स्वरयंत्राच्या स्नायूंपर्यंत गेले तर श्वासाची वाट अरुंद होते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो, आवाज बसतो, गिळता येत नाही, माणूस गळ्याला हात लावतो, ओठ निळसर पडू लागतात. हे क्वचित होते, पण झाले तर मिनिटांचा प्रश्न असतो.

चांगली गोष्ट अशी की यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. प्रोमेथाझिनसारखे एक इंजेक्शन दिले की बहुतेक वेळा काही मिनिटांत स्नायू सैल पडतात. त्यासाठी मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. जवळचे सरकारी रुग्णालय किंवा इंजेक्शन देणारा कोणताही पदवीधर डॉक्टर हे करू शकतो. फक्त 'याला मानसिक आजाराचे औषध चालू आहे, त्याने हे झाले असावे' हे वाक्य आपण बोलले पाहिजे, आणि गोळ्यांची पाकिटे सोबत नेली पाहिजेत. नाहीतर डॉक्टरही फिट, धनुर्वात किंवा सोंग समजून वेळ घालवू शकतात. इंजेक्शनचा असर काही तासांनी उतरला की आखडणे पुन्हा येऊ शकते. म्हणून बरे वाटले की लगेच घरी न पळता थोडा वेळ तिथेच थांबावे आणि पुढच्या दिवसांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म) आणि चक्कर-उलटीवर दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) ही औषधेसुद्धा डोपामिन अडवतात. म्हणून ज्याला कधीही मानसिक आजार नव्हता अशा मुलाची मानही उलटीच्या औषधाने वाकडी होऊ शकते. तेव्हा 'चांगल्या पोराला काय झालं' म्हणून अंगारे-धुपारे करू नयेत.

अशा वेळी घरी काय करावे आणि काय टाळावे?

रुग्णाला बसते करावे, थोडे पुढे झुकू द्यावे. गळ्याजवळची बटणे, ओढणी सैल करावी. तोंडात पाणी, चमचा, कांदा, लिंबू काहीही घालू नये, ते श्वासनळीत जाऊ शकते. मान जोर लावून सरळ करू नये. भोवती गर्दी करू नये. 'तू शुद्धीवर आहेस, हे औषधाने झालं आहे, इंजेक्शनने जाईल' असे त्याला सांगत राहावे. बेशुद्ध पडला तर कुशीवर झोपवावे. 108 ला फोन करावा. गाडी यायला वेळ लागणार असेल, आणि जावळी-पाटणच्या डोंगरातल्या किंवा जत-आटपाडीच्या लांबच्या वाडीला तो लागतोच, तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

मिरचीची धुरी तर कधीच देऊ नये. ज्याचा घसा आधीच आवळला आहे त्याच्या नाकाशी मिरचीचा धूर धरणे म्हणजे उरलेला श्वासही बंद करणे. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आणि 5 हजारांपासून 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. या कायद्यासाठी आयुष्यभर झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर हा कायदा झाला. त्यांच्या जिल्ह्यात आजही औषधाच्या त्रासाला करणी म्हटले जात असेल तर तो कायदा आपल्या दारापर्यंत आलेला नाही असेच म्हणावे लागेल.

श्वास लागण्याची इतर कारणे

घसा आवळणे हे एकच कारण नाही. ही औषधे घेणाऱ्याला श्वास लागला तर पुढच्या गोष्टीही मनात आणाव्यात.

गिळण्याचा त्रास : स्नायू संथ झाले किंवा खूप गुंगी असली की घास नीट गिळला जात नाही. अन्न श्वासनळीत जाते, ठसका लागतो, माणूस गुदमरू शकतो, नाहीतर पुढे न्यूमोनिया होतो. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या तोंडातून रात्री खूप लाळ येते, तीही घशात उतरते. अशा रुग्णाला गुंगीत जेवू घालू नये. भाकरी कालवणात कुस्करून द्यावी, बसवून सावकाश भरवावे, झोपताना डोके थोडे उंच ठेवावे.

रक्ताची गुठळी : रुग्ण दिवसभर पडून असेल, पाणी कमी पीत असेल, तर पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका या औषधांनी वाढतो. एक पाय सुजतो, पोटरी दुखते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत दुखते, कधी खोकल्यातून रक्त पडते. हे तातडीचे आहे.

हृदयाला सूज : क्लोझापिन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप, छातीत दुखणे, धडधड, थोडे चालले तरी धाप, अशी लक्षणे असतात. 'गोळी नवीन आहे, होईल सवय' म्हणून थांबू नये.

वजन आणि घोरणे : ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी भूक फार वाढते आणि काही महिन्यांत वजन बरेच वाढू शकते. वजन वाढले की झोपेत घसा बंद होऊन श्वास मध्येच थांबू शकतो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जागे होणे, दिवसभर पेंग येणे ही त्याची खूण. हे रुग्णाला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. ते डॉक्टरांना सांगावे.

जीव घाबरा होणे : काही रुग्णांना औषधाने आतून विलक्षण बेचैनी येते. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, घरभर येरझाऱ्या चालतात, 'जीव कसातरी होतोय, श्वास घेता येत नाही' असे ते म्हणतात. घरच्यांना वाटते आजार वाढला, आणि ते गोळी वाढवून मागतात. त्याने त्रास आणखी वाढतो. ही बेचैनी इतकी असह्य होऊ शकते की माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. म्हणून ती लगेच डॉक्टरांना सांगावी. डोस कमी करून किंवा औषध बदलून ती जाते. यावर प्रोप्रानोलॉल नावाची गोळीही देतात. रुग्णाला दमा असेल तर ते आधी सांगावे, कारण दम्याच्या माणसाला ही गोळी बाधू शकते.

जुना त्रास : वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर काहींचे ओठ, जीभ, जबडा आपोआप हलत राहतात, जणू काही चघळत आहेत. क्वचित श्वासाच्या स्नायूंतही अशी हालचाल येते. मग श्वास अनियमित होतो, मध्येच हुंकार निघतो. तो माणूस मुद्दाम आवाज काढत नाही. त्याला रागावू नये, तपासून घ्यावे.

प्रत्येक धाप औषधामुळेच असते असेही नाही. टीबी, दमा, रक्त कमी असणे, चुलीचा धूर, हृदयाचा आजार ही कारणे आपल्या वस्त्यांत आहेतच. मानसिक रुग्णाच्या तक्रारीकडे 'त्याच्या डोक्यातलं आहे' म्हणून दुर्लक्ष होते आणि खरा आजार मागे राहतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी त्याचीही झालीच पाहिजे.

ताप, ताठरपणा आणि ऊन

अंग लाकडासारखे ताठ होणे, जोराचा ताप, खूप घाम, भ्रमिष्टपणा, श्वास आणि नाडी जोरात चालणे, ही सगळी लक्षणे एकत्र आली तर तो औषधाचा अतिशय गंभीर, पण क्वचित होणारा परिणाम असतो. बहुधा तो पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर होतो. यात मात्र पुढची गोळी देऊ नये आणि तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. साधा ताप समजून क्रोसिन देत घरी ठेवले तर जीव जाऊ शकतो.

उन्हाचाही विचार हवा. ही औषधे आणि त्यांच्यासोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल (पॅसिटेन) ही गोळी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी करतात. माण-खटाव, जत, आटपाडीच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा रोजगार हमीवर काम करणाऱ्या रुग्णाला उष्माघात लवकर होतो. सकाळी लवकर काम, डोक्यावर ओले फडके, वरचेवर पाणी आणि दुपारी सावली एवढे पाळावेच. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडणे आणखी धोक्याचे असते.

रोजचे त्रास

हात थरथरणे, चाल संथ होणे, चेहरा कोरा दिसणे, उठताना चक्कर येणे, तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे हे त्रास सांगितले तर बरेच कमी करता येतात. बद्धकोष्ठ साधे वाटते, पण क्लोझापिनमध्ये ते आतडे बंद पडण्यापर्यंत जाऊ शकते. तीन दिवस शौचाला झाले नाही आणि पोट फुगले तर दवाखाना गाठावा.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी बायकांची पाळी थांबते, मूल अंगावर पीत नसतानाही दूध येते. 'दिवस गेले' असा संशय घेऊन सुनेला छळू नये. पुरुषांच्या लैंगिक इच्छेवरही परिणाम होतो. लाजेपोटी तरुण हे सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांशी एकट्याने बोलायला त्यांना वेळ द्यावा.

वजन, पोटाचा घेर, बीपी आणि रक्तातील साखर औषध सुरू करताना, नंतर तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा तपासावी. क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासणी लागते. ती चुकवू नये. मध्येच ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासावे.

दारू, बिडी आणि झोपेची गोळी

पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ही औषधे घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हे शील म्हणजे थेट श्वासाचे रक्षण आहे. औषधाची गुंगी, त्यावर दारू, त्यावर कुणीतरी दिलेली झोपेची गोळी किंवा गुंगीचे खोकल्याचे औषध, असे एकत्र आले की मेंदूचे श्वास चालवणारे केंद्र मंदावते. माणूस झोपतो आणि श्वास हळूहळू थांबतो. उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. 'जास्त झाली, झोपू दे' म्हणून ठेवलेला माणूस सकाळी उठत नाही. हाक मारून, हलवून जाग येत नसेल तर ती झोप नव्हे, 108 बोलवावी.

बिडी-सिगारेटच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. म्हणून बिडी ओढणाऱ्याचा डोस त्या मानाने ठरलेला असतो. त्याने बिडी एकदम सोडली तर रक्तातील औषध वाढते आणि गुंगी येते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून सोडावी. व्यसन सुटत नसेल तर साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते.

काही जण म्हणतात, आनापान करू, विपश्यनेला जाऊ, गोळी कशाला? श्वासाकडे लक्ष देण्याने मन शांत होते, हे खरे. पण भास आणि संशयाच्या आजारावर तो गोळीचा पर्याय नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना दहा दिवसांच्या शिबिराचा सल्ला विपश्यना केंद्रेसुद्धा देत नाहीत. शिबिरासाठी औषध थांबवणे तर घातकच.

गरोदर बाई, बाळ आणि वृद्ध

गरोदरपणात गोळी मनाने बंद करू नये. आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांना धोका असतो. मात्र शेवटच्या तीन महिन्यांत ही औषधे चालू असतील तर जन्मलेल्या बाळाला काही वेळा श्वास घ्यायला त्रास, अंग ताठ किंवा सैल पडणे, दूध ओढता न येणे असे होऊ शकते. म्हणून बाळंतपण रुग्णालयातच करावे आणि औषधाची चिठ्ठी तिथे आधीच दाखवावी.

विसराळूपणाचा आजार झालेली म्हातारी माणसे रात्री ओरडतात, भटकतात. त्यांना गप्प ठेवण्यासाठी ही गोळी मागून आणली जाते. अशा वृद्धांत या औषधांनी न्यूमोनिया, पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. दुसरा उपाय नसेल तरच, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती द्यावी.

गोळी मनाने बंद करू नका

इतके त्रास वाचून कुणाला वाटेल, गोळी बंदच करावी. तसे करू नये. अचानक बंद केल्यावर काही दिवस झोप उडते, मळमळते, घाम येतो. आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार परत येतो, अनेकदा आधीपेक्षा जोरात. त्रास होतो म्हणजे डोस, औषध किंवा वेळ बदलण्याची गरज आहे. या औषधांत बरेच प्रकार आहेत. एकाने वजन वाढत असेल तर दुसरे देता येते, एकाने अंग आखडत असेल तर दुसऱ्याने आखडत नाही. हा बदल डॉक्टर हळूहळू करतात. फक्त श्वासाचा गंभीर त्रास किंवा ताप-ताठरपणा असेल तर पुढचा डोस न देता थेट रुग्णालयात जावे आणि पुढे काय करायचे ते तिथे ठरू द्यावे.

कुठे जायचे, काय विचारायचे?

सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आणि कराडचे उपजिल्हा रुग्णालय ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. तातडीच्या वेळी मात्र जे सर्वांत जवळ असेल तिथे आधी जावे. फोनवर सल्ला हवा असेल तर 'टेलीमानस' ही सरकारची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. औषधाचा दुष्परिणाम सरकारकडे नोंदवायचा असेल तर रुग्ण किंवा घरचे 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर फोन करू शकतात.

आता हक्काची गोष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 22 प्रमाणे आजार कोणता, उपचार कोणता आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे. कलम 18 प्रमाणे जात, धर्म, लिंग, वर्ग यावरून भेदभाव न करता उपचार मिळाले पाहिजेत, आणि आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत. म्हणजे 'साहेब, या गोळीने काय त्रास होऊ शकतो?' असे विचारणे हा आगाऊपणा नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. बाबासाहेब 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले, त्या साताऱ्यातल्या आपल्या माणसाने डॉक्टरपुढे मान खाली घालून चिठ्ठी घेऊन परत का यावे?

दवाखान्यात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : गोळीचे नाव काय, किती दिवस, कोणत्या वेळी? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? कोणती तपासणी कधी करायची? दुसऱ्या कोणत्या गोळ्या सोबत चालणार नाहीत? घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत न्यावी आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत.

लगेच 108 बोलवा किंवा दवाखान्यात न्या :
– श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, घसा आवळणे, ओठ निळे पडणे
– मान, जबडा, डोळे आखडून राहणे
– अचानक धाप, छातीत दुखणे, एका पायाला सूज
– जोराचा ताप आणि अंग ताठ
– हाक मारून, हलवून जाग न येणे
– चक्कर येऊन बेशुद्ध पडणे, छातीत जोराची धडधड
– जीव देण्याची भाषा करणे

वस्तीने काय करावे?

पटाचाराची कथा आपण विहारात ऐकतो. नवरा, मुले, आईबाप सगळे गमावल्यावर तिचे भान गेले. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, एकाने तिच्या अंगावर वस्त्र टाकले, आणि पुढे ती थोर भिक्खुणी झाली. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, ही कथाही आपल्याला माहीत आहे. आजारी माणसाची सेवा हा आपल्या धम्माचाच भाग आहे.

मग वर्षावासात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत एक दिवस या विषयाला द्यावा. आशाताईंना बोलवावे. वरची धोक्याची यादी विहाराच्या भिंतीवर 108 आणि 14416 या क्रमांकांसह लावावी. रात्री-अपरात्री गाडी काढणारी दोन-तीन मुले प्रत्येक वस्तीत ठरलेली असावीत. आणि ज्या घरात अशी गोळी चालू आहे त्या घराने ती लपवू नये. निदान एका विश्वासू शेजाऱ्याला गोळीचे नाव सांगून ठेवावे. घरात कुणी नसताना मुलाची मान वाकडी झाली, तर त्या शेजाऱ्याने म्हटलेले 'हे औषधाने झालंय, चला दवाखान्यात' हे एक वाक्य त्याचा श्वास वाचवू शकते.

नमो बुद्धाय. जय भीम.